सोमवारचा नाइट्रो आणि त्याच्या पहिल्या तासातली माणसं

निनाद_मिरज

नाइट्रोचा, म्हणजे नव्वदीतल्या त्या अमेरिकन टीव्ही-कुस्तीच्या कार्यक्रमाचा, विषय निघाला की गप्पा ठरलेल्या दोन ठिकाणी जाऊन थांबतात. हल्क होगन नायकाचा खलनायक झाला तो १९९६ चा उन्हाळा, आणि केव्हिन नॅश एका बोटाच्या टोच्याने आडवा झाला ती ४ जानेवारी १९९९ ची रात्र. दोन्हींवर बोलायचंच आहे. पण सध्या मी नाइट्रोचे भाग अगदी पहिल्यापासून क्रमाने बघत चाललोय, आणि जसजसा पुढे जातोय तसतसं एक मत पक्कं होतंय. या कार्यक्रमाचा जीव पहिल्या तासात होता. पोस्टरवर ज्यांचे चेहरे नसायचे त्या हलक्या वजनाच्या, मुखवटेवाल्या, परदेशातून आलेल्या गड्यांनी तो उचलून धरला. त्यांना वर जायची वाट दिली नाही, तिथेच त्याचं मरण सुरू झालं.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्ल्यूसीडब्ल्यू ही टेड टर्नरची, अटलांटाची कुस्ती कंपनी. विन्स मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ सोमवारी रात्री 'रॉ' दाखवायची. डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभारी एरिक बिशॉफने बरोबर त्याच वेळेला टीएनटी चॅनेलवर आपला कार्यक्रम, म्हणजे नाइट्रो, उभा केला. ४ सप्टेंबर १९९५ ला पहिला भाग झाला तो मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकात! चहूबाजूंनी दुकानं, मधल्या चौकात रिंग, वरच्या मजल्यांच्या कठड्यांवर रेलून बघणारे लोक. पहिलीच कुस्ती ब्रायन पिलमन आणि जपानचा जुशिन लायगर यांची. म्हणजे पहिल्या घंटेला दोन हलके गडी. त्याच रात्री रिक फ्लेअर आणि स्टिंग भिडले, आणि मधेच लेक्स लुगर चालत आला. हा लुगर आदल्या दिवसापर्यंत मॅकमहनचा माणूस होता. कुणालाही कुणकुण नव्हती.

'आज काहीही होऊ शकतं' ही भावना तिथून लागली ती लागलीच. रॉचे बरेचसे भाग तेव्हा आधी चित्रित करून ठेवलेले असायचे, नाइट्रो दर सोमवारी थेट. बिशॉफ समालोचन करता करता रॉचे निकाल सांगून टाकायचा. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. समोरच्या पैलवानांच्या मेहनतीवर पाणी ओतायचं ते काम होतं. पण लोक नाइट्रोला चिकटून राहिले हे खरं.

मग २७ मे १९९६, जॉर्जियातलं मेकन. दोन दुय्यम गड्यांची कुस्ती चाललीय आणि मॅकमहनकडचा नावाजलेला पैलवान स्कॉट हॉल साध्या कपड्यांत प्रेक्षकांमधून उतरतो, कठडा ओलांडतो, माइक घेतो. मला ओळखता तुम्ही, पण मी इथे का आलोय ते तुम्हाला ठाऊक नाही, अशा अर्थाचं बोलतो. दोन आठवड्यांनी नॅश आला. ७ जुलैला डेटोना बीचच्या कार्यक्रमात तिसरा माणूस म्हणून होगन निघाला आणि एनडब्ल्यूओ ही त्यांची खलनायकी टोळी उभी राहिली. इथून पुढे सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत नाइट्रोने रॉला मागे ठेवलं. हे सगळ्यांना पाठ आहे.

डेटोना बीचच्या दुसऱ्या दिवसाचं मात्र कुणी बोलत नाही. ८ जुलै, ऑर्लँडोचा डिस्ने-एमजीएम स्टुडिओ. जो तो होगनबद्दल बोलतोय, आणि त्याच भागात २१ वर्षांच्या रे मिस्टेरिओ ज्युनियरने डीन मॅलेन्कोला हरवून क्रूझरवेटचा, म्हणजे हलक्या वजनाच्या गटाचा, पट्टा जिंकला. मॅलेन्को म्हणजे चेहऱ्यावरची रेषही न हलवता समोरच्याचा एकेक सांधा पिळत बसणारा माणूस. रे त्याच्या तावडीतून निसटला की थेट दोरावर, दोरावरून हवेत, आणि उतरताना मॅलेन्कोच्या मानेला पायांची कात्री घालून त्यालाच गरकन फिरवतो. मुख्य म्हणजे हे सगळं का होतंय ते समालोचक माइक टेने समजावून सांगतोय: हा डाव मेक्सिकोचा, हा जपानचा, या घराण्याचा मुखवटा असा का. तिहुआनात रे कुठे शिकला, मॅलेन्कोचे वडीलही पैलवान होते, हे सगळं ऐकता ऐकता कळायचं. अमेरिकेच्या टीव्हीवर, ऐन रात्रीच्या वेळी, दर आठवड्याला जगभरच्या कुस्तीचा हा वर्ग भरत होता. एडी गरेरो, सायकोसिस, हुवेंटुड गरेरा, अल्टिमो ड्रॅगन, सांगाड्याचा पोशाख घालणारा ला पार्का. मी यांच्यासाठी नाइट्रो बघायचो.

त्याच जुलैच्या अखेरीस, त्याच डिस्नेच्या आवारात, एनडब्ल्यूओने मागच्या बाजूला धुडगूस घातला. अंगावर झेपावलेल्या रेला नॅशने हवेतच झेललं, आडवा धरला आणि भाल्यासारखा ट्रेलरच्या पत्र्यावर डोक्याकडून फेकला. दृश्य म्हणून जबरदस्त, आजही अंगावर येतं. पण पुढे काय होत गेलं तेही त्यात आहे. मोठ्या माणसांना मोठं दाखवायला लहान माणसं वापरायची, आणि काम झालं की त्यांना परत पहिल्या तासात पाठवायचं.

१९९८ च्या जानेवारीपासून नाइट्रो तीन तासांचा झाला. तो भरला कुणी? याच मंडळींनी. ख्रिस जेरिकोचं उदाहरण घ्या. मॅलेन्कोला 'हजार डावांचा माणूस' म्हणत, म्हणून जेरिको लांबलचक कागद घेऊन आला: मला १००४ डाव येतात! आणि वाचायला लागला. दर दुसरा डाव 'आर्मबार'. जाहिराती लागल्या, संपल्या, हा वाचतोच आहे. पुढे आपल्याविरुद्ध कट शिजलाय म्हणून फलक घेऊन वॉशिंग्टनमध्ये फिरला. तेव्हाच्या अपराजित गोल्डबर्गला त्याने महिनोनमहिने डिवचलं, आणि त्यातून एक खरी कुस्तीसुद्धा त्याला मिळाली नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये तो रॉवर उभा होता. ३१ जानेवारी २००० ला एडी गरेरो, मॅलेन्को, पेरी सॅटर्न आणि ख्रिस बेन्वा हे चौघे एकाच दिवशी रॉवर दिसले. यातल्या बेन्वाला जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी डब्ल्यूसीडब्ल्यूने थेट जगज्जेतेपदाचा पट्टा दिला होता. पट्टा हातात देऊनही माणूस थांबत नाही, याचा अर्थ विश्वास फार आधी गेलेला असतो.

हे माझं म्हणणं. ज्यांनी तेव्हा आपल्याकडे टीएनटीवर बघितलंय त्यांनी जरूर लिहा. मतभेद असतील तर आधी लिहा.

---

केदार_डोंबिवली

क्या बात है निनाद. टीएनटी म्हटल्यावर सगळं परत आलं. दिवसभर कार्टून नेटवर्क आणि रात्री तोच चॅनेल टीएनटी! शाळेत सगळी पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफची, पत्त्यांसारखी ती कार्डं खेळणारी. अंडरटेकर कोणाला मिळाला यावर मधली सुट्टी संपायची. त्यात मी स्टिंगवाला, एकटाच. कुणाला माहीतच नव्हता.

आणि तुमच्या पहिल्या तासाला पूर्ण मान देऊन सांगतो, माझ्यासाठी नाइट्रो म्हणजे छतावरचा स्टिंग. १९९६ च्या सप्टेंबरात एनडब्ल्यूओने नकली स्टिंग उभा केला, आणि लुगरसकट सगळे सोबती खऱ्यावर संशय घेऊन बसले. हा माणूस सगळ्यांकडे पाठ करून निघून गेला. रंगीबेरंगी चेहरा जाऊन काळापांढरा आला, लांब काळा कोट, हातात बेसबॉलची बॅट. वर लोखंडी तुळयांमध्ये उभा राहून नुसता बघायचा. वर्षभर तोंडातून शब्द नाही.

तो माणसं पारखायचा ती रीत आठवते का? समोरच्याच्या छातीला बॅट टेकवायची, मग तीच बॅट उलटी करून त्याच्या हातात द्यायची आणि स्वतः पाठ फिरवून उभं राहायचं. मारायचं तर मार. एक अक्षर न बोलता एवढं नाटक मी पुन्हा टीव्हीवर पाहिलं नाही.

आणि शेवट काय केला? २८ डिसेंबर १९९७ ला होगनशी कुस्ती. रेफरीने होगनच्या बाजूने घाईघाईत तीन मोजायचे आणि मग ब्रेट हार्टने येऊन अन्याय दुरुस्त करायचा, असं कथानक. प्रत्यक्षात मोजणी अगदी नेहमीसारखीच झाली. म्हणजे स्टिंग रीतसर हरला आणि मग वशिल्याने जिंकला, असं दिसलं. वर्षभर साठवलेलं एका मोजणीत घालवलं. मला नाइट्रोची उतरण तिथून दिसते.

---

टीएनटी_रात्रपाळी

स्टिंग!! +१००

---

पैलवान_कागल

निनादराव, तालमीतला माणूस म्हणून दोन शब्द लिहितो. आमच्याकडं बरेच जण ह्या कुस्तीला नुरा म्हणून नाक मुरडतात. निकाल ठरलेला असतो, हे मान्य. पण पाठीवर पडायला शिकणं खोटं नसतं. मान आत घ्यायची, दोन्ही हात एकदम आपटायचे, पूर्ण पाठ एका वेळी टेकवायची. जरा चुकलं की माणूस जायबंदी. आणि वरच्या दोरावरून उडी टाकणाऱ्यापेक्षा खाली त्याला झेलणाऱ्याचं काम अवघड. झेलणारा कच्चा असला तर उडणारा मेला. मॅलेन्को ज्या तऱ्हेनं रेच्या खाली पोचतो ते बघा. पाय बरोबर जागेवर, खांदा बरोबर उंचीवर, आणि चेहरा असा की जणू ह्याला काही ठाऊकच नाही. त्याला मी वस्ताद म्हणेन.

तुमच्या पहिल्या तासाबद्दल. आमच्या भागात मैदान भरलं की दुपारी आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मग शेकड्याच्या, मग हजाराच्या, आणि दिवस मावळल्यावर एक नंबरची जोड. पण त्यात एक गोष्ट पक्की आहे. यंदा दुपारी चटकदार कुस्ती केलेलं पोर पुढच्या वर्षी दोन तास उशिरा लढतं. चार वर्षांनी त्याचं नाव पत्रकावर वर येतं. गावाला त्या पोराची वाढ बघायची सवय असते, म्हणून तर लोक दुपारच्या उन्हात येऊन बसतात. खासबागेत बसणाऱ्या कुणालाही विचारा. पोर वर सरकत नसेल तर दुपारी कोण कशाला येईल?

तुम्ही लिहिलंय त्यावरनं नाइट्रोनं ते सरकणंच बंद केलं, असं दिसतंय.

---

निनाद_मिरज

कागलकर, माझ्या सगळ्या लेखात जे नीट सांगता आलं नाही ते तुम्ही मैदानाच्या पत्रकावर दाखवून दिलंत. हेच, अगदी हेच.

केदार, त्या मोजणीबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त उतरण तिथून सुरू झाली असं आकडे म्हणत नाहीत. त्यानंतर साडेतीन महिने, १३ एप्रिल १९९८ पर्यंत, नाइट्रो दर आठवड्याला पुढेच होता. गोल्डबर्गची चढती कमानही त्यानंतरची. लोकांनी तो राग गिळून आणखी वाट बघितली.

---

पीचट्रीचा_पाहुणा

६ जुलै १९९८ ला मी जॉर्जिया डोममध्ये होतो. अटलांटाला शिकत होतो, खोलीवरचे आम्ही तिघे गेलो होतो, बाकी दोघे तेलुगू. आमची जागा इतकी वर होती की रिंग तळहाताएवढी दिसत होती, निम्मी कुस्ती मोठ्या पडद्यावरच पाहिली.

गोल्डबर्ग-होगन कुस्ती होणार हे लोकांना कळलं ते केवळ चार दिवस आधी, डब्ल्यूसीडब्ल्यूच्याच गुरुवारच्या 'थंडर' कार्यक्रमात. त्यातही आधी गोल्डबर्गला स्कॉट हॉलला हरवावं लागलं, तेव्हा कुठे होगन. हा गडी पूर्वी अटलांटा फाल्कन्सकडून फुटबॉल खेळलेला, आणि ते डोम तेव्हा फाल्कन्सचंच घर. चाळीस हजारांवर माणसं स्वतःच्या पोराला बघायला आल्यासारखी आली होती.

त्याचं येणं आठवा. खोलीचं दार ठोठावलं जातं, तो बाहेर येतो, दोन्ही बाजूंना सुरक्षारक्षक, कॅमेरा त्याच्या तोंडासमोर उलटा चालत राहतो. बोळ संपत नाही. टीव्हीवर हे मी अनेकदा पाहिलं होतं. पण तिथे बसल्यावर कळलं की तो बोळ कशासाठी आहे. पडद्यावर तो चालायला लागला की नावाचा गजर सुरू होतो आणि प्रत्येक पावलाला चढत जातो. तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मग ठिणग्यांचा पाऊस. होगनला खांद्याने उडवला, उचलून आपटला, एक-दोन-तीन. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या.

पैशाचं गणित बघणारे म्हणतात की ही कुस्ती फुकट टीव्हीवर द्यायलाच नको होती, वेगळं तिकीट लावून लाखो घरांना विकायची होती. हिशेब बरोबर असेल. मी त्या रात्रीच्या बदल्यात तो हिशेब घेणार नाही.

आता दुसरी बाजू. सहा महिन्यांनी, ४ जानेवारी १९९९ ला, नाइट्रो परत त्याच डोममध्ये होता. तोवर डिसेंबरात नॅशने गोल्डबर्गची अपराजित मालिका मोडली होती, तीही हॉलने विजेचा झटका दिल्यामुळे. लोक आले होते ते गोल्डबर्ग आपल्या गावात पट्टा परत घेणार या आशेने. त्याला कथानकात खोट्या आरोपावरून पोलीस घेऊन गेले. त्याच्या जागी होगन आला, नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश गोळी लागल्यासारखा पडला, होगन जगज्जेता. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात. याच लोकांनी जुलैत डोम डोक्यावर घेतलं होतं, आणि त्यांच्यासमोरच हे केलं. मी त्या रात्री घरी टीव्हीवर बघत होतो आणि तिकीट काढलं नाही याचं बरं वाटलं.

त्याच रात्री समालोचक टोनी शियावोनीकडून सांगून टाकायला लावलं की रॉवर आज मिक फोली पट्टा जिंकणार आहे, आणि वर त्याची हेटाळणी. लोकांनी हातातला रिमोट वापरला. प्रेक्षकसंख्येचं रेटिंग: रॉ ५.७, नाइट्रो ५.०.

---

अस्मिता_कोथरूड

सगळ्यांचं वाचतेय, छान चाललंय. पण बायकांचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून मी करते.

१८ डिसेंबर १९९५ च्या नाइट्रोवर मडुसा आली. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ती अलुंड्रा ब्लेझ या नावाने महिला विजेती होती आणि तो पट्टा तिच्याकडेच राहिला होता. तिने तो कॅमेऱ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. नाइट्रोच्या गाजलेल्या क्षणांच्या यादीत हे नेहमी असतं, 'काय धाडस' म्हणून. बिशॉफने तिला तसं करायला सांगितलं होतं हे तिने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. मॅकमहनला बिशॉफने डिवचलं, आणि किंमत कुणी मोजली? तिने. डब्ल्यूडब्ल्यूएफने तो महिला पट्टा १९९८ पर्यंत बंदच ठेवला. तिच्यासाठी तिथलं दार जवळपास वीस वर्षं बंद राहिलं. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तिने डब्यातून पट्टा परत बाहेर काढला.

बरं, पट्टा टाकून नाइट्रोवर तिला काय मिळालं? १९९६ अखेरीस डब्ल्यूसीडब्ल्यूने महिलांचा पट्टा काढला, जपानच्या अकिरा होकुतोने तो मडुसाला हरवून जिंकला. होकुतो कोण हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की केवढी मोठी पैलवान त्यांच्या हाताशी होती. तो पट्टा वर्षभरही धड चालवला नाही. १९९७ मध्ये नाइट्रो गर्ल्स आल्या, आणि बाईने रिंगच्या आसपास काय करायचं ते ठरून गेलं. त्या मुली उत्तम नाचायच्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण निनाद, तुमचा पहिला तास ज्या अर्थाने अर्धवट सोडला, त्या अर्थाने बायकांचा तर अर्धा तासही कधी लागला नाही.

---

मंदार_एस

धागा सुंदर, पण मूळ मुद्द्याशी असहमत. नाइट्रो पैलवान सोडून गेल्याने संपला नाही. २००० मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू प्रचंड तोट्यात होती, तरी विकत घ्यायला बिशॉफचा गट तयार होता. तेव्हा टाइम वॉर्नर आणि एओएल एकत्र आल्या होत्या, टर्नरचा शब्द चालेनासा झाला होता, आणि नवीन प्रमुख जेमी केलनर यांनी टीएनटी-टीबीएसवरून कुस्तीच काढून टाकली. वेळच नाही म्हटल्यावर कंपनी कुणाला हवी? बिशॉफ मागे हटला, मॅकमहनने उचलली. हा दूरचित्रवाणीच्या धंद्याचा निर्णय होता. रे मिस्टेरिओ जगज्जेता असता तरी तो तसाच झाला असता.

---

निनाद_मिरज

मंदार, शेवटची सही केलनरची हे मान्य. पण प्रेक्षक तोवर गेलेले होते म्हणून ती सही करणं सोपं झालं. प्रेक्षकसंख्येत नाइट्रो शेवटचा जिंकला तो २६ ऑक्टोबर १९९८ ला. आदल्या दिवशीच्या मोठ्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण वेळ संपल्याने अनेक घरांत मधेच तुटलं होतं, म्हणून गोल्डबर्ग आणि डायमंड डॅलस पेजची कुस्ती दुसऱ्या दिवशी नाइट्रोवर दाखवावी लागली. त्यानंतर अडीच वर्षांत एकदाही नाही. या अडीच वर्षांतला बराच काळ होगन, नॅश, फ्लेअर, सगळे तिथेच होते. होगनच्या करारात तर आपल्या कथानकावर आपलाच शब्द चालेल असं कलम होतं. ऑक्टोबर १९९९ ला कथानकं लिहायला व्हिन्स रुसो आला, एप्रिल २००० मध्ये डेव्हिड अर्केट या सिनेनटाला जगज्जेता केलं. लोकांना नवीन माणूस हवा होता हे त्यांना कळत होतं, फक्त तो आपल्याच पहिल्या तासात सापडेल हे मान्य नव्हतं.

रेचं काय केलं बघा. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका टॅग टीमच्या, म्हणजे जोडीच्या, कुस्तीत त्याचा मुखवटा उतरवला. मेक्सिकोच्या परंपरेत मुखवटा जाणं हा कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रसंग, त्यासाठी वर्षानुवर्षांचं वैर बांधतात. इथे समोरच्या बाजूला पणाला काय होतं? मिस एलिझाबेथचे केस. बदल्यात रेला काही मिळालं नाही. २००२ मध्ये मॅकमहनने त्याला मुखवटा परत दिला आणि २००६ ला तो तिथे जगज्जेता झाला. जेरिको, एडी, बेन्वा, रे: हे चारही जण तिकडे जाऊन सर्वोच्च पट्ट्यापर्यंत पोचले. मग कमी काय होतं, गुणवत्ता की नजर?

अस्मिताताई, होकुतोबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. मी ते भाग भरभर पुढे ढकलले होते, आता परत बघतो.

---

ओंकार_बेळगाव

एक विचारायचं होतं. बेन्वाच्या कुस्त्या तुम्ही बघता का? मला जमत नाही.

---

निनाद_मिरज

ओंकार, बघत नाही. जून २००७ मध्ये त्याने बायको नॅन्सी आणि सात वर्षांचा मुलगा डॅनियल यांना मारलं, मग स्वतःला. वरच्या लेखात त्याचं नाव आलं कारण इतिहास सांगताना ते वगळता येत नाही. पण एक सांगावंसं वाटतं. नॅन्सीही याच नाइट्रोवर होती, 'वुमन' या नावाने, फ्लेअर आणि त्याच्या हॉर्समेन टोळीच्या बाजूला. फार ताकदीचं काम करायची, नुसत्या नजरेने समोरच्याला गप्प करायची. लोक तिचं नाव फक्त त्या घटनेपुरतं घेतात. तिचे १९९६ चे प्रसंग तिच्यासाठी बघावेत.

---

केदार_डोंबिवली

निनाद, एक प्रतिवाद. वर जायची वाटच नव्हती म्हणता, मग बुकर टी? आणि डॅलस पेज? पेजने तर पस्तिशीत कुस्ती सुरू केली. १९९७ च्या सुरुवातीला हॉल आणि नॅशने त्याला एनडब्ल्यूओचा शर्ट देऊ केला, त्याने तो अंगात घातला, हात मिळवला आणि क्षणात हॉलची मान पकडून आपला डायमंड कटर डाव! मग प्रेक्षकांतून पसार. तिथून दोन वर्षांत जगज्जेता.

---

निनाद_मिरज

पेजचा अपवाद मान्य, आणि त्याच्या वाढीकडे बघितलं की कागलकर म्हणतात ते 'सरकणं' कसं दिसतं ते कळतं. बुकरवर मात्र थांबून लिहितो, कारण तो माझा सगळ्यात लाडका.

ह्यूस्टनचा मुलगा, तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला. आधी भावाबरोबर हार्लेम हीट या जोडीत, जोडीचे पट्टे कितीतरी वेळा जिंकले. १९९८ च्या मे-जूनमध्ये टेलिव्हिजन पट्ट्यावर लढण्याची संधी मिळवण्यासाठी त्याच्या सात कुस्त्यांची मालिका झाली, बऱ्याचशा टीव्हीवरच. दर कुस्तीला तो आधीच्या चुकीतून शिकलेला दिसतो. तो तेव्हाच तयार होता! प्रत्यक्षात जगज्जेता केला तो जुलै २००० मध्ये, बाकीचे निघून गेल्यावर. दोन वर्षं उशिरा.

२६ मार्च २००१, शेवटचा नाइट्रो, फ्लोरिडातलं पनामा सिटी बीच. सुरुवातीलाच पडद्यावर विन्स मॅकमहन. कंपनी विकली गेलेली. पुढे आपली नोकरी राहणार की जाणार हे त्या रात्री लढणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नव्हतं. तशात बुकर टीने स्कॉट स्टायनरला हरवून जगज्जेतेपद घेतलं. क्रूझरवेटवाल्यांनाही जागा होती, आणि त्यांनी अंग राखून काही केलं नाही. शेवटची कुस्ती फ्लेअर आणि स्टिंगची. या दोघांचं नातं १९८८ पासूनचं, ४५ मिनिटांच्या बरोबरीतल्या एका कुस्तीने फ्लेअरनेच स्टिंगला मोठं केलं होतं. म्हणजे वरच्या माणसाने खालच्याला हात देऊन वर घेणं या कंपनीला एकेकाळी येत होतं. फ्लेअर शर्ट घालून लढला, हरला, उठून स्टिंगला मिठी मारली. मग विन्सचा मुलगा शेन मॅकमहन रिंगमध्ये येऊन सांगतो की कंपनी त्याने घेतली आहे.

---

पैलवान_कागल

पंचेचाळीस मिनिटं बरोबरीत, आणि तीही जगज्जेत्यानं नवख्या पोराबरोबर! ही कुस्ती बघायलाच पाहिजे. तालमीतल्या पोरांनाबी दाखवतो. मिळते कुठं?

---

निनाद_मिरज

कागलकर, २७ मार्च १९८८, ग्रीन्सबरो, 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' चा पहिला कार्यक्रम, या नावाने शोधा. पोरांना दाखवताना पहिली दहा मिनिटं घाई करू देऊ नका, फ्लेअर तिथे स्टिंगचा दम मोजत असतो. त्यानंतर ८ जुलै १९९६ ची रे आणि मॅलेन्कोची दाखवा. झेलण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते त्यांना प्रत्यक्ष दिसेल.

---

अस्मिता_कोथरूड

आणि सोबत होकुतो-मडुसा, डिसेंबर १९९६. तालमीत मुली असतील तर आधी तीच लावा.

---

पैलवान_कागल

हाईत की, सहा मुली. रविवारी लावतो.